तिघांचं खरं

थोरल्याने तो कागद आईच्या ताटाशेजारी ठेवला तेव्हा कुणाचंच जेवण आटोपलं नव्हतं. एकपानी, टाइप केलेला, खाली सह्यांसाठी ठिपक्यांच्या तीन ओळी. आईने डाव्या हाताने चष्मा पुढे ओढला. उजवा हात अजून झोळीत होता, त्यामुळे गेले बारा दिवस ती डाव्या हाताने, चमच्याने आणि कुरकुरत जेवत होती.

"तूच वाच की," ती म्हणाली. "लिहिलंयस तर तूच."

थोरल्याने घसा खाकरला. "मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही तिघं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, मागच्या खोलीत काम करत होतो. तेव्हा आम्हा तिघांना आपल्या देवाची हाक ऐकू आली. त्या हाकेसरशी आम्ही जागचे उठून जुन्या कटिंग मशीनपाशी गेलो आणि त्याच क्षणी वरचा स्लॅब कोसळला. नऊ तास आम्ही त्याच्या नावावर जिवंत राहिलो. ही आम्हा तिघांची साक्ष."

आईने चमचा ताटात ठेवला.

"मजकूर बरा आहे," मामा म्हणाले. ते आईचे धाकटे भाऊ, चाळीस वर्षं त्याच कटिंग मशीनवर उभे राहिलेले, आणि आईसारखेच ढिगाऱ्यातून बाहेर आलेल्या तिघांपैकी एक. त्यांच्या डाव्या कानावर अजून पट्टी होती. "फक्त ते 'नावावर' काढ. घर नावावर केल्यासारखं वाटतं."

"मामा, चेष्टा नको."

"मी शुद्धलेखन बघतोय. चेष्टा कुठे केली?"

त्या मंगळवारी थोरला ढिगाऱ्यावर पालथा पडून हातांनी विटा उपसत होता. वरच्या मजल्यावर फरशीवाल्याने माल रचून ठेवला होता, त्या सगळ्या फरशांचा चुरा त्याच्या नखांत गेला होता. दुपारी कधीतरी, बोटं बधिर झाली तेव्हा, तो देवाला म्हणाला होता: तिघांना बाहेर काढ, मी सगळ्या प्रार्थनासभेपुढे उभा राहून सांगेन. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने देवाला काही मागितलं होतं, आणि मागितलेलं तसंच्या तसं मिळालं होतं. तेव्हापासून तो रोज पहाटे जागा व्हायचा, भिंतीकडे बघत बसायचा आणि त्याच्या अंगावर काटा यायचा. आता शब्द पाळायचा होता. पुढच्या प्रार्थनेला कागद वाचायचा, एवढंच.

पाण्याचा जग घेऊन उभी असलेली धाकटी सून हळूच म्हणाली, "दादा, एक विचारू?"

"विचार."

"'आपल्या देवाची' लिहिलंय. त्यात मी आहे का?"

थोरला चमकला. तिसरी सही तिची होती. सात वर्षांपूर्वी ती पुलापलीकडच्या लोकांतून या घरात आली. देव वेगळा, सभा वेगळी, प्रार्थनेची वेळसुद्धा वेगळी. लग्नाला ना हे गेले ना ते आले.

"आहेसच," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "म्हणून तर 'आमच्या' नाही लिहिलं. मुद्दाम 'आपल्या' लिहिलं."

सात वर्षांत मोठ्या दिरांनी तिला आपलं म्हटल्याचा हा पहिलाच शब्द होता. तिच्या भुवईवरचे टाके ताणले गेले. ती जग घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

*

तिचा नवरा, घरातला धाकटा, तिच्यामागोमाग आत आला.

"करून टाक ना सही. दादा स्वतःहून चार पावलं पुढे आलाय. असं पुन्हा होणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मला हाक आली नाही रे."

ती सिंकपाशी उभी राहून ओले हात नुसतेच बघत होती. त्या सकाळी ती फर्म्यांच्या घड्या घालत होती. छापलेला मोठा कागद एकदा, दोनदा, तीनदा मोडायचा, हाडाच्या पट्टीने दाब द्यायचा, डावीकडे रचायचा. मान खाली, लक्ष कडेवर. तेवढ्यात दोन्ही खांद्यांच्या मधोमध कुणीतरी तळवा टेकवला आणि पुढे ढकललं. ऊब कळली. बोटंसुद्धा कळली. ती चार पावलं पुढे गेली, मशीनला धडकली, आणि मागे वळून बघते तो तिच्या स्टुलाच्या जागी आकाश कोसळत होतं.

"आमच्यात म्हणतात, तो बोलत नाही, हात लावतो," ती म्हणाली. "लहानपणापासून ऐकलं होतं. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे."

"हात म्हण, हाक म्हण. काय फरक पडतो?"

"तुला फरक पडत नाही, कारण तुला काहीच आलं नाही."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. धाकटा माल पोचवायला बाहेर गेला होता म्हणून वाचला होता, आणि ते त्याच्या मनाला रोज टोचत होतं.

"खरंय," तो म्हणाला. "मला हात आला नाही, हाक आली नाही. मला नऊ तास ढिगारा दिसत होता. म्हणून म्हणतो, कागदावर काय लिहिलंय याचं मला काही नाही. तुम्ही तिघं आहात, तेवढं मला पुरे."

"पण मी सही केली की तो हात खोटा होतो."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

*

दारात तिचे वडील उभे होते. पुलापलीकडे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळं गाव त्यांना घड्याळजीच म्हणायचं. सात वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या मंगळवारी मात्र ते दुकान उघडं टाकून धावत आले होते आणि संध्याकाळपर्यंत थोरल्याच्या खांद्याला खांदा लावून विटा उपसत होते. तरी आज दारात त्यांचं पाऊल अडलं.

"या व्याही," आई आतूनच म्हणाली. "ढिगाऱ्यात आलात, घरात यायला काय झालं?"

ते आले, खुर्चीच्या कडेला बसले. लेकीकडे एकदा डोळे भरून बघून घेतलं आणि मग मुद्द्यावर आले.

"विहीणबाई, आमच्या सभेतले सगळे रोज दुकानात येतात. म्हणतात, पोरीच्या पाठीवर हात ठेवला होता म्हणे. एकदा येऊन सांगू दे. तिने तिथे उभं राहून तिघांना कुणी वाचवलं ते सांगावं, एवढीच विनंती घेऊन आलोय."

"हात नव्हे, काका," थोरला म्हणाला. "हाक."

"पोर हात म्हणते."

"आई हाक म्हणते. आणि मी माझ्या कानांनी ऐकलंय. साडेचार वाजता ढिगाऱ्यातून ठोके आले. चार, चार, दोन. आईच्या प्रार्थनेचा ताल आहे तो. पाळण्यात असल्यापासून ऐकतोय मी. त्या तालावर आम्ही जागा ओळखली, तिथेच खणलं."

"पाच आणि तीन," घड्याळजी म्हणाले.

"काय?"

"ठोके पाच आणि तीन होते. आमची सांजेची प्रार्थना. मी तुमच्या शेजारीच होतो ना? आयुष्यभर टिकटिक मोजून पोट भरलंय. ठोक्यांत मी चुकत नाही."

"चार, चार, दोन!"

"पाच, तीन."

दोघांचे आवाज चढत गेले. मग एक गंमत झाली. भांडता भांडता दोघं कधी एका बाजूचे झाले ते त्यांनाही कळलं नाही. दोघंही मान वळवून त्या तिघांकडे बघू लागले.

"एकच काय ते सांगा ना," थोरला म्हणाला.

"तेच म्हणतो मी," घड्याळजी म्हणाले. "तिघं एका ठिकाणी होता. एकाच वेळी होता. खरं एकच असणार."

मामांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि सावकाश येऊन बसले.

"ठोके मी मारत होतो," ते म्हणाले. "हातात पाना होता, समोर मशीनचा लोखंडी खांब. नुसतं ठोकत राहिलं की हात दमतो, थांबतो. ताल लागतो. ताई म्हणत होती तेव्हा तिच्यावर ठोकलं. ही पोरगी म्हणत होती तेव्हा हिच्यावर. चार-चार-दोन पण खरं आणि पाच-तीन पण खरं. मला दोन्हींतलं अक्षर कळत नाही. कामाला दोन्ही चोख."

थोरला आणि घड्याळजी एकमेकांकडे बघत राहिले. शेजारी शेजारी पालथे पडून, एकाच खांबावरचे ठोके ऐकून दोघं आपापल्या ठिकाणी रडले होते.

"म्हणजे तुम्ही दोघी आळीपाळीने..." घड्याळजींनी लेकीकडे बघितलं. "एकमेकींच्या समोर?"

"समोर कसलं," आई म्हणाली. "हात दिसत नव्हता डोळ्यापुढे. थांबा. सूनबाई, तू नको सांगूस. मी सांगते."

तिने ताट बाजूला सारलं. गेले बारा दिवस सगळे तिला तेच तेच विचारत होते आणि ती 'हाक आली, वाचलो बाई' एवढंच म्हणत होती. हे तिला पुरतं कळलेलं नव्हतं म्हणून ती बोलली नव्हती. आजही कळलं नव्हतं. पण बोलण्याची वेळ आली होती.

"मी ऐकलं ते एकच होतं. 'ऊठ.' कोणाचा आवाज, हे मला कुणी सांगायला नको. त्याला मी ओळखते. उठले, सुई हातात तशीच ठेवून मशीनपाशी गेले. मग सगळं पडलं. डोक्याला काहीतरी लागलं. शुद्ध आली तेव्हा म्हटलं, प्रार्थना म्हणू. पहिली ओळ आली." ती थांबली. "दुसरी येईना."

थोरला पुढे सरकून बसला.

"साठ वर्षं रोज म्हणतेय. झोपेत म्हणू शकते. आणि दुसरी ओळ येईना. पुन्हा पहिली म्हटली. पुन्हा तिथेच अंधार. तुम्हाला सांगते, स्लॅब पडला तेव्हा मी घाबरले नाही. तेव्हा घाबरले. वाटलं, मला इथवर आणलं आणि आता सोडून गेला. मग डावीकडून आवाज आला. दुसरी ओळ."

"कोणाचा?" थोरल्याने विचारलं. त्याला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"हिचा. सगळ्या अकरा ओळी म्हटल्या हिने. अरे, मी प्रार्थनेला बसते तेव्हा ही स्वयंपाकघरात असते. मधे भिंत. भिंतीतून ऐकून ऐकून... सातव्या ओळीत मी एक शब्द चुकीचा म्हणते. माझ्या आईने कितीदा सांगितलं, पण तोंडात बसला तो बसला. हिने तोही तसाच चुकीचा म्हटला. मी जिथे दम घेते तिथे दम घेतला. मला वाटलं, माझाच आवाज माझ्या बाहेरून येतोय. मी तिच्या मागून म्हणत गेले. लहान पोरीसारखी."

घड्याळजी उठून उभे राहिले होते. त्यांच्या लोकांत दुसऱ्या देवाची प्रार्थना तोंडाने उच्चारणं म्हणजे केवढी गोष्ट, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"तू त्यांची प्रार्थना म्हटलीस?"

"म्हटली, बाबा." धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नवरा तिच्या मागे. "त्यांचे शब्द हरवले होते, मला सापडत होते. त्यांना परत दिले. माझं जे आहे ते माझ्यापाशीच होतं. ते कुठे गेलं नाही."

"तुला काही वाटलं नाही?"

"भीती वाटली. तुमचीच वाटली. मग पुन्हा पाठीवर तो हात आला. तसाच."

घड्याळजी खाली बसले. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि ते तळव्यांकडेच बघत राहिले.

"माझं झाल्यावर मी तिला म्हटलं, आता तुझं म्हण," आई म्हणाली. "सात वर्षं एका चुलीवरचं खातोय आम्ही. ती माझं सगळं भिंतीतून ऐकत होती, आणि मी तिचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. ती म्हणते तेव्हा मी रेडिओ लावायची. मुद्दाम. तिथे रेडिओ नव्हता." ती जराशी हसली, मग हसू ओसरलं. "ते काही मला माझं वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? आजही वाटत नाही. माझा देव तो माझा. पण ती म्हणत होती ना, तेव्हा तिथे कुणीतरी ऐकत होतं. माझ्याखेरीज. तुझ्या मामाखेरीज. खांबापलीकडे कुणीतरी श्वास रोखून ऐकावं, तसं. मी त्या दिशेला मान वळवून बसले होते, एवढं मला ते जवळ कळत होतं."

आईने पाण्याचा घोट घेतला.

"आणि मामा, तुम्ही?" धाकट्याने विचारलं. "तुम्हाला काय आलं?"

"मला? काही नाही." मामांनी पट्टीवरून कान चाचपला. "मी दारात होतो. चहाला निघालो होतो. तळपायाला जमीन वेगळी लागली. चाळीस वर्षं त्या जमिनीवर उभा आहे, तिची थरथर मला कळते. कुठलं मशीन कुठे चालू आहे ते मी पायाने सांगतो."

"बघा! म्हणजे साधं कारण आहे," धाकटा म्हणाला.

"पुढचं ऐक. मी दारात होतो. जमीन थरथरली, तर माणूस कुठे पळेल? बाहेर. एक पाऊल टाकलं की रस्ता. मी आत पळालो. वीस पावलं आत. या दोघींना हाक मारायला नव्हे. हाक मारायची तर दारातून मारता आली असती. पायच आत निघाले. मी रोज त्या पायांना विचारतो, का रे बाबांनो? सांगत नाहीत."

"मग तो देवच," थोरला आणि घड्याळजी जवळजवळ एकदम म्हणाले.

मामा पहिल्यांदाच चिडले.

"नाही! ते तुमचं. मला ठाऊक नाही, आणि हे 'ठाऊक नाही' माझं आहे. तुम्ही दोघांनी आपापलं ठेवलंत ना? मग माझं कशाला उचलून नेता? ते माझ्या हातात इतकं मोठं आहे की मला त्याचा भार पेलत नाही. पण माझं आहे ते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुणी कधी बघितलं नव्हतं. आईने डावा हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला.

थोरल्याने कागद उचलला, पुन्हा एकदा वाचला, आणि चार घड्या करून खिशात घातला.

"मी शब्द दिलाय, आई. सभेत काय सांगू?"

"तू काय ऐकलंस ते सांग. चार, चार, दोन. ते तू ऐकलंस, कुणाच्याने खोटं होणार नाही. आमचं आमच्यापाशी राहू दे."

"मला नाही पटत. खरं एकच असतं."

"नको पटू दे," आई म्हणाली. "माझ्याबरोबर तीस-चाळीस वर्षं न पटता राहिलास, अजून काही वर्षं राहा."

घड्याळजी स्वतःशीच म्हणाले, "मी पाच-तीन सांगीन." मग थोरल्याकडे बघून, जरा चाचरत, "दुसरेही ठोके होते, हेही सांगीन. मोजणीत ते धरायला हवे होते. मी ऐकलेच नाहीत. इतक्या वर्षांत असं माझं कधी झालं नव्हतं."

*

साडेतीनला फोन आला. ढिगारा उपसणाऱ्या मुकादमाचा. तिघांना ज्याच्या कडेच्या फटीतून ओढून काढलं होतं, तो मधला मोठा स्लॅब आज क्रेनने उचलतोय, खालचं मशीन आत्ता मोकळं होईल, बघायचं असेल तर या.

कुणी कुणाला 'चल' म्हटलं नाही. सगळे उठले. आई घड्याळजींच्या हाताला धरून चालली, कारण तिचा चांगला हात त्याच बाजूला होता. थोरला पुढे, धाकटा आणि धाकटी मधे, मामा सगळ्यांत मागे, जमिनीकडे बघत.

कारखान्याच्या जागी रस्त्यापर्यंत विटांचा ढीग होता. सगळीकडे छापील कागद. फरशीच्या धुळीने पांढरे झालेले. क्रेनच्या साखळ्या ताणल्या गेल्या, लोखंड कण्हलं, आणि स्लॅब हळूहळू उचलला गेला. धूळ खाली बसायला वेळ लागला.

मग ते दिसलं.

जुनं कटिंग मशीन गुडघे टेकल्यासारखं वाकलं होतं. त्याची बिडाची कमान एका बाजूने तडकली होती, पण उभी होती. दुसऱ्या बाजूला कोऱ्या कागदाची रिमं, दाबून दाबून दगडासारखी झालेली. त्या दोहोंच्या मधे एक पोकळी. खांबावर, पान्याने ठोकून ठोकून रंग उडालेला एक चकचकीत ठिपका. उन्हात तो एखाद्या डोळ्यासारखा चमकत होता.

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली. चार मजूर फावडी टेकवून उभे राहिले. घड्याळजींनी ओठ हलवले, आवाज केला नाही. मामा त्या ठिपक्याकडे बघत होते आणि स्वतःचा उजवा पंजा उघडून मिटून बघत होते.

"दादा, नको," धाकटी म्हणाली, कारण थोरला खाली उतरू लागला होता.

तो ऐकण्यातला नव्हता. विटांवरून घसरत तो तळाशी पोचला, वाकला, आणि त्या पोकळीत शिरला. पाठ रिमांना टेकली. गुडघे छातीशी घ्यावे लागले. मान वाकवली तरी डोकं कमानीला लागत होतं. एक खांदा आत जाईना. त्याने अंग चोरलं, कूस बदलली, दुसरा खांदा आधी घालून बघितला. थोरला अंगाने काही फार मोठा नव्हता. तरी त्याला एकट्याला ते पुरत नव्हतं.

तो हलायचा थांबला. वर सहा-सात माणसांची तोंडं, त्यांच्यामागे आकाश. तो एकेकाकडे बघत गेला. आईकडे. मामाकडे. धाकटीकडे. त्याचा आवाज खालून आला तेव्हा तो लहानपणीचा वाटला.

"आई, तिघं कशी मावलात इथे?"

आईने खाली वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मावलो," ती म्हणाली.